वूलरिच वाचायचा कसा: तीन नावं, बदललेली शीर्षकं आणि एक घड्याळ

अमेरिकन रहस्यकथाकार कॉर्नेल वूलरिच वाचायला घेतला की घोडं दोन ठिकाणी पेंड खातं. एक तर पुस्तकं सापडत नाहीत, कारण त्याच्या उत्तम पुस्तकांपैकी निम्म्यांवर त्याचं नावच नाही. दुसरं म्हणजे सापडलेलं पुस्तक आपण गुप्तहेरकथा समजून वाचतो, खुनी कोण याचे आडाखे बांधत बसतो आणि शेवटचा उलगडा वाचून 'छे, हे कसं शक्य आहे?' म्हणत पुस्तक बाजूला टाकतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेल्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकते: वूलरिचकडे पुस्तकामागून पुस्तकात येणारा नायकच नाही. त्याच्या गोष्टीत अडकतो तो साधा माणूस. कुणी घड्याळजी, कुणी तिकिटावर नाचणारी मुलगी, कुणी नवऱ्याला विजेच्या खुर्चीपासून वाचवू पाहणारी बायको. अक्कल बेताची, पैसे त्याहून बेताचे आणि वेळ जवळजवळ संपलेली.

वूलरिच कोडं घालत नाही, घड्याळ लावतो. एवढं ध्यानात धरलं की काय वाचायचं, कुठल्या क्रमानं वाचायचं आणि काय खुशाल सोडून द्यायचं, हे ठरवता येतं.

आधी नावं जुळवा

पूर्ण नाव कॉर्नेल जॉर्ज हॉप्ली-वूलरिच. जन्म न्यूयॉर्कचा, ४ डिसेंबर १९०३ चा; मृत्यूही न्यूयॉर्कमध्येच, २५ सप्टेंबर १९६८ ला. रहस्यकादंबऱ्या त्यानं तीन नावांनी छापल्या.

स्वतःच्या नावानं आली ती 'ब्लॅक' मालिका. हिला मालिका म्हणायचं ते फक्त शीर्षकातल्या त्या एका शब्दामुळे. पात्रं दर वेळी नवी. 'द ब्राइड वोअर ब्लॅक' (१९४०), 'द ब्लॅक कर्टन' (१९४१), 'ब्लॅक अ‍ॅलिबाय' (१९४२), 'द ब्लॅक एंजल' (१९४३), 'द ब्लॅक पाथ ऑफ फिअर' (१९४४) आणि 'राँदेव्हू इन ब्लॅक' (१९४८). विल्यम आयरिश या नावानं 'फँटम लेडी' (१९४२), 'डेडलाइन अ‍ॅट डॉन' (१९४४), 'वॉल्ट्झ इन्टू डार्कनेस' (१९४७), 'आय मॅरिड अ डेड मॅन' (१९४८) आणि बहुतेक कथासंग्रह. जॉर्ज हॉप्ली या नावानं दोनच कादंबऱ्या: 'नाइट हॅज अ थाउजंड आइज' (१९४५) आणि 'फ्राइट' (१९५०). हे तिसरं नाव त्याच्याच नावाच्या मधल्या तुकड्यांचं आहे, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं.

१९४२, १९४४ आणि १९४८ ही सालं पाहा. प्रत्येक वर्षी एक 'ब्लॅक' आणि एक आयरिश. एकाच लेखकाच्या दोन-दोन कादंबऱ्या एका वर्षात दुकानात मांडायला प्रकाशक तेव्हा नाखूश असत, आणि हा माणूस मात्र पल्प, म्हणजे स्वस्त कागदावरच्या गोष्टींच्या मासिकांच्या वेगानं लिहिणारा. दुसऱ्या नावामागचा व्यवहार एवढाच.

शोधताना होणारी चूक ठरलेली आहे. ग्रंथालयाच्या सूचीत वूलरिच शोधून लोक थांबतात. आयरिश या आडनावाखालीही शोधा आणि हॉप्लीखालीही. नंतरच्या आवृत्त्यांवर बहुधा वूलरिचचंच नाव मोठं असतं, पण चाळीस-पन्नासच्या दशकातली जुनी पेपरबॅक हाती आली तर मुखपृष्ठावर फक्त विल्यम आयरिश असेल.

एक वही घाला, नाहीतर स्प्रेडशीट. रकाने सहा: पुस्तकावर छापलेलं नाव, छापलेलं शीर्षक, कथेचं मूळ शीर्षक, ती आधी आली ते मासिक आणि महिना, कुठल्या संग्रहात आहे, आणि त्यावरून निघालेला चित्रपट. हा उद्योग कशासाठी, ते शीर्षकांचा घोळ सुरू झाला की कळेल.

काय सोडायचं

सालाच्या क्रमानं वाचू नका. १९२६ ते १९३२ या काळात त्यानं सहा कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांत रहस्य नाही. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून तो जॅझ जमान्यातल्या तरुणतरुणींच्या प्रेमकथा लिहीत होता. पहिली 'कव्हर चार्ज' (१९२६). दुसरी 'चिल्ड्रन ऑफ द रिट्झ' (१९२७); तिला एका मासिकाच्या आणि चित्रपट कंपनीच्या स्पर्धेत १०,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. त्या चित्रपटाच्या निमित्तानं तो हॉलिवूडला गेला, १९३० मध्ये तिथे लग्न केलं, ते मोडलं आणि तो न्यूयॉर्कला आईकडे परतला. तोवर मंदी आली होती आणि या प्रकारच्या कादंबऱ्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. अभ्यासकांना या सहा पुस्तकांत पुढच्या वूलरिचच्या खुणा सापडतात. बाकीच्यांनी त्यांच्या वाटेला जायची गरज नाही.

दुसरं टोकही तसंच. १९५० नंतरचं लेखन पातळ आहे. 'सॅव्हेज ब्राइड' (१९५०), 'डेथ इज माय डान्सिंग पार्टनर' (१९५९), 'द डूम स्टोन' (१९६०) ही नावं मोहात पाडणारी आहेत, पण सुरुवात इथून केली तर पुढे वूलरिच वाचलाच जाणार नाही. खरा माल १९३४ ते १९४८ या चौदा वर्षांतला.

कथांपासून सुरुवात

४ ऑगस्ट १९३४ च्या 'डिटेक्टिव्ह फिक्शन वीकली'त त्याची पहिली गुन्हेकथा आली, 'डेथ सिट्स इन द डेंटिस्ट्स चेअर'. दाताच्या तात्पुरत्या भरणातून विष देण्याची कल्पना. त्यानंतर 'ब्लॅक मास्क', 'डाइम डिटेक्टिव्ह', 'आर्गसी' अशा मासिकांत शंभराहून अधिक कथा आल्या. ही मासिकं स्वस्त, खरबरीत कागदाची, आणि मानधन शब्दांवर. म्हणून कथेत कधीकधी पाणी घातलेलं दिसतं. पण याच सक्तीनं त्याला एक गोष्ट शिकवली: वाचकानं पान उलटलंच पाहिजे.

पहिल्या आठवड्यात तीन कथा पुरेत, आणि प्रत्येक एका बैठकीत संपवायची. मध्ये उठलात तर ताण सुटतो आणि मग कथेची शिवण दिसायला लागते.

पहिली 'थ्री ओ'क्लॉक' (१९३८). बायकोवर संशय घेणारा एक घड्याळजी घराच्या तळघरात टाइमबाँब लावतो. नेमके त्याच वेळी चोर घरात शिरतात, त्याला बांधतात, तोंडात बोळा कोंबतात आणि त्याच तळघरात टाकून निघून जातात. बाँब टिकटिकतोय, मालक त्याच्यासमोर. पुढची सगळी कथा म्हणजे हलता येत नाही आणि ओरडता येत नाही अशा माणसाची मिनिटं. वूलरिच म्हणजे काय, हे या एका कथेत कळतं. हिचकॉकनं १९५७ मध्ये टीव्हीसाठी ती केली तेव्हा वेळ एक तासानं पुढे ढकलून नाव 'फोर ओ'क्लॉक' ठेवलं.

दुसरी 'इट हॅड टू बी मर्डर', 'डाइम डिटेक्टिव्ह'च्या फेब्रुवारी १९४२ च्या अंकातली. हिच्यावरूनच हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) निघाला. चित्रपट पाहिला असेल तरी वाचा. कथेत ती देखणी मैत्रीण नाही, फोटोग्राफरचा धंदा नाही, खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी होणाऱ्या चटकदार गप्पा नाहीत. आहे तो खोलीत अडकलेला एकटा माणूस, एक नोकर आणि समोरच्या खिडक्या. पहिल्या वाचनात एवढंच पाहा: आपण जे पाहिलं त्यात काहीतरी चुकलंय हे निवेदकाला आधी जाणवतं आणि काय चुकलं ते बऱ्याच वेळानं कळतं. मधला काळ वूलरिच ताणतो. आणि तो खोलीत का अडकलाय, हा तपशील कुठे ठेवलाय ते शेवटच्या ओळीपर्यंत विसरू नका.

तिसरी 'मोमेंटम' (१९४०). थकलेले पैसे मागायला गेलेला एक अडचणीतला माणूस, एक अपघातासारखा खून, आणि मग तो झाकायला आणखी एक. मंदीतल्या न्यूयॉर्कमध्ये थोड्याशा डॉलरांची किंमत काय होती ते मनात ठेवून वाचा. नाहीतर इतक्या पैशांसाठी माणूस एवढा का वाहवत जातो, ते पटणार नाही.

या तीन कथांपैकी एकीवर पेन्सिल घेऊन बसा. वेळेचा उल्लेख दिसेल तिथे समासात खूण करा: घड्याळातली वेळ, 'अजून अर्धा तास', गाडी सुटण्याची वेळ, दिवा विझला, पावलं थांबली, काहीही. मग दोन खुणांमधल्या ओळी मोजा. सुरुवातीला दोन खुणांमध्ये पान-दीड पान असतं, उत्तरार्धात काही ओळी. ही मोजदाद विशेषतः थरारकथा लिहू पाहणाऱ्यांनी करावी. 'शेवटाकडे वेग वाढवा' असा सल्ला सगळेच देतात. इथे दिसतं की घटना तेवढ्याच राहतात. फक्त वेळेची आठवण वारंवार येऊ लागते. एक मिनिट दोन पानांवर पसरलेलं असूनही वेग वाढल्यासारखा वाटतो. नवा लेखक नेमकं उलट करतो: शेवट जवळ आला की घटनांची गर्दी करतो आणि घड्याळ विसरतो.

भाषेचा अडसर मोठा नाही, पण काही वस्तू माहीत नसतील तर कथा कळत नाही. 'टॅक्सी डान्सर' म्हणजे टॅक्सीतली कुणी नव्हे. गिऱ्हाइकानं दहा सेंटचं तिकीट दिलं की एक नाच नाचायचा, अशी नोकरी करणारी मुलगी. 'एल' म्हणजे रस्त्यावर खांबांवरून धावणारी रेल्वे. तिच्या खडखडाटात आवाज बुडतात, आणि वूलरिच त्याचा उपयोग करतो. 'रूमिंग हाउस' म्हणजे आठवड्याच्या भाड्यानं एकेक खोली देणारं घर, जिथे शेजाऱ्याचं नाव शेजाऱ्याला ठाऊक नसतं. सार्वजनिक टेलिफोनला पाच सेंटचं नाणं लागतं, आणि त्याच्या कथांत ते एक नाणं खिशात नसण्यावर जीव टांगणीला लागतो. 'थर्ड डिग्री' म्हणजे पोलिसांची मारझोड. ती तो इतक्या सहज वर्णन करतो की आजचा वाचक दचकतो.

एकच कथा तीनदा विकत घेऊ नका

आता ती वही कामी येईल. कथा मासिकात एका नावानं आली, संग्रहात दुसऱ्या नावानं, आणि 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझीन'मध्ये पुन्हा छापली गेली तेव्हा तिसऱ्या. त्या मासिकाचा संपादक फ्रेडरिक डॅने याला शीर्षकं बदलण्याचा भारी सोस होता. नेहमी लागणाऱ्या जोड्या अशा:

'इट हॅड टू बी मर्डर' १९४४ च्या 'आफ्टर-डिनर स्टोरी' या आयरिशच्या संग्रहात 'रिअर विंडो' झाली, म्हणजे चित्रपटाच्या दहा वर्षं आधीच. हे नाव हिचकॉकनं दिलं असा समज आहे, तो चुकीचा. 'मर्डर ऑल्वेज गॅदर्स मोमेंटम' म्हणजेच 'मोमेंटम'. 'डाइम अ डान्स' झाली 'द डान्सिंग डिटेक्टिव्ह'. 'मेन मस्ट डाय' झाली 'गिलोटिन'. 'सी-जॅग' झाली 'कोकेन'. 'अँड सो टू डेथ' झाली 'नाइटमेअर'. 'डॉर्मंट अकाउंट' झाली 'चान्स'. 'द बॉय क्राइड मर्डर' झाली 'फायर एस्केप', आणि तिच्यावरचा चित्रपट 'द विंडो' (१९४९). त्या चित्रपटाचा आणि 'रिअर विंडो'चा काही संबंध नाही, पण नावामुळे लोक हमखास घोटाळा करतात.

संग्रह घेण्याआधी अनुक्रमणिका आणि हक्कांचं पान दोन्ही पाहा. हक्कांच्या पानावर बहुधा मूळ मासिकाचं नाव आणि साल असतं. ते वहीशी ताडून घ्या. तरी शंका राहिली तर पात्रांची नावं पाहा. शीर्षकं फार बदलली, पात्रांची नावं त्या मानानं कमी.

कादंबऱ्यांतही हा प्रकार आहे, आणि तो जास्त महागात पडतो. जुन्या कथांना ठिगळं जोडून त्यानं कादंबऱ्या केल्या. 'द ब्लॅक एंजल'मध्ये 'मर्डर इन वॅक्स' (१९३५) आणि 'फेस वर्क' (१९३७) या कथांचा गाभा आहे. 'नाइट हॅज अ थाउजंड आइज'च्या मुळाशी 'स्पीक टू मी ऑफ डेथ' (१९३७) आहे. 'द ब्लॅक पाथ ऑफ फिअर'च्या मुळाशी 'हवाना नाइट' (१९४२). कादंबरी वाचायची असेल तर या कथा मागे ठेवा. उलट्या क्रमानं गेलात तर अर्धा ताण फुकट जातो.

कादंबऱ्यांचा क्रम

पहिली 'फँटम लेडी'. बायकोशी भांडून बाहेर पडलेला माणूस बारमध्ये एका अनोळखी बाईला भेटतो. नारिंगी, भोपळ्यासारखी हॅट घातलेली ती बाई त्याच्याबरोबर जेवते, नाटक पाहते, निघून जाते. घरी बायकोचा गळा आवळलेला. आणि ती बाई कुणालाच आठवत नाही. बारवाल्याला नाही, टॅक्सीवाल्याला नाही. प्रकरणांची शीर्षकं पाहा: 'मृत्युदंडाच्या आधीचा दीडशेवा दिवस' अशी उलटी मोजणी. हे शीर्षक पहिल्या पानावर, म्हणजे अजून खूनही झालेला नसताना येतं. शिक्षा होणार हे वाचकाला ठाऊक, नायकाला नाही. अनुक्रमणिका चाळून पुढच्या तारखा बघायचा मोह मात्र आवरा.

दुसरी 'डेडलाइन अ‍ॅट डॉन'. इथे प्रकरणांना नाव नाही. वर घड्याळाची तबकडी काढलेली आणि काटे पुढे सरकत जाणारे. एका रात्रीत, गावाकडे जाणारी सकाळची बस सुटायच्या आत एका मुलाला आणि एका टॅक्सी डान्सरला खुनी शोधायचाय. शक्य असेल तर ही एका रात्रीतच वाचा. तबकड्या काढून टाकलेली आवृत्ती मिळाली तर तिला हात लावू नका.

तिसरी 'द ब्राइड वोअर ब्लॅक'. प्रत्येक भागाला एका पुरुषाचं नाव, आणि प्रत्येक भागात तीच बाई वेगळ्या रूपात. ही झाल्यावर 'राँदेव्हू इन ब्लॅक' लगेच घेऊ नका, निदान महिनाभर थांबा. दोन्हींचा सांगाडा एकच आहे: झालेल्या नुकसानीचा एकेकाकडून वसूल केलेला सूड. 'राँदेव्हू'त दर वर्षीची ३१ मे ही तारीख घड्याळाचं काम करते. पाठोपाठ वाचलं तर दुसरं पुस्तक नक्कल वाटतं. खरं तर दोन्हींत 'राँदेव्हू'च जास्त जिव्हारी लागणारं आहे, कारण इथे सूड बळीवर उगवत नाही. बळीच्या सर्वांत प्रिय माणसावर उगवतो.

चौथी 'आय मॅरिड अ डेड मॅन'. मराठी वाचकाला हिची गोष्ट ओळखीची वाटेल. आगगाडीत भेटलेल्या दोन तरुणी, अपघात, आणि जगलेलीनं मेलेलीच्या सासरी तिच्याच नावानं राहायला जाणं. गुलशन नंदांच्या ज्या कादंबरीवरून शक्ती सामंतांनी 'कटी पतंग' केला, तिचं मूळ इथे आहे. पण फरक मोठा आहे. मूळ कादंबरीत दोघीही गरोदर आहेत, आणि ओळख बदलते ती हात धुताना क्षणभर दुसरीला घालायला दिलेल्या लग्नाच्या अंगठीमुळे. मरणारीची विनंती, अनाथ मूल सांभाळण्याचं वचन असं काहीच नाही. त्यामुळे हिंदीत नायिकेचा नैतिक बोजा आधीच उतरवलेला असतो, वूलरिचकडे तो शेवटपर्यंत तिच्या डोक्यावर राहतो. आशा पारेख आणि राजेश खन्ना यांना बाजूला ठेवून वाचा. शेवट समाधानाचा नाही.

या चार झाल्या की पुढचा क्रम आवडीप्रमाणे. स्मृतिभ्रंशाची गोष्ट हवी तर 'द ब्लॅक कर्टन'. भविष्यवाणी आणि मृत्यूची आधी सांगितलेली वेळ हवी तर 'नाइट हॅज अ थाउजंड आइज'. ही संथ आहे, पण भीती खोल आहे. १८८० चं न्यू ऑर्लिन्स आणि आंधळं प्रेम हवं तर 'वॉल्ट्झ इन्टू डार्कनेस', जिच्यावरून फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोनं 'मिसिसिपी मरमेड' (१९६९) केला. 'ब्लॅक अ‍ॅलिबाय'मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या शहरात सुटलेला जग्वार आहे. एकेका मुलीचा पाठलाग अंगावर काटा आणतो, मधला तपास कंटाळा आणतो. तो तपास भरभर उलटा.

जिथे वूलरिच घसरतो

योगायोग भरमसाट आहेत. 'फँटम लेडी'च्या उलगड्यात एका रात्रीत जेवढं घडलं असं सांगितलं जातं, तेवढं त्या रात्रीच्या घड्याळात बसतच नाही. ज्याची सगळी भिस्त वेळेवर, त्याचंच वेळापत्रक कच्चं. घाईत लिहिणं हे एक कारण. दुसरं म्हणजे त्याला स्पष्टीकरणात रस नव्हता, प्रसंगात होता. म्हणून शेवटचं स्पष्टीकरणाचं प्रकरण तपासत बसू नका. त्याआधीचा शेवटचा प्रसंग हाच खरा शेवट माना.

दुसरा दोष भाषेचा. उपमांवर उपमा, भावनांचा पूर, अधूनमधून व्याकरणही लटपटतं. सलग तीन पुस्तकं वाचली तर अजीर्ण होतं. महिन्याला एक कादंबरी किंवा आठवड्याला दोन कथा, याहून जास्त नको. काळे, चिनी, लॅटिन अमेरिकन लोक यांच्याविषयीचे त्याचे शेरे त्या काळच्या पल्पचेच आहेत. ते आजही बोचतात आणि बोचायलाच हवेत.

तिसरा धोका चरित्राचा. त्याचं आयुष्य त्याच्या कथांइतकंच अंधारं असल्यामुळे लोक प्रत्येक पानावर त्यालाच शोधतात. पक्कं जे आहे ते एवढं: लग्न मोडल्यावर तो वर्षानुवर्षं आईबरोबर ब्रॉडवे आणि १०३ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावरच्या हॉटेल मार्सेमध्ये राहिला, १९५७ मध्ये आई गेली, दारू वाढली, शेवटच्या वर्षी गँगरीनमुळे पाय कापावा लागला, आणि सुमारे साडेआठ लाख डॉलर त्यानं आईच्या स्मरणार्थ शिष्यवृत्त्यांसाठी कोलंबिया विद्यापीठाला ठेवले. 'फँटम लेडी' त्यानं अर्पण केली आहे ती 'हॉटेल एम'मधल्या ६०५ क्रमांकाच्या जागेला, आता तिथे राहावं लागत नाही याच्या आनंदात. 'द ब्राइड वोअर ब्लॅक'च्या अर्पणपत्रिकेत त्याचा टाइपरायटर आहे, क्रमांकासकट: रेमिंग्टन पोर्टेबल एनसी६९४११. आत्मकथनपर 'ब्लूज ऑफ अ लाइफटाइम' मरणोत्तर १९९१ मध्ये आलं. ते सुंदर आहे, पण साक्षीपुराव्यासाठी वापरू नका. तिथेही तो कथाच सांगतो. तारखा आणि संपूर्ण सूची यांसाठी फ्रान्सिस नेव्हिन्सचं १९८८ चं जाडजूड चरित्र गाठा. त्याचं शीर्षक 'फर्स्ट यू ड्रीम, देन यू डाय' हे वूलरिचच्या कागदांत सापडलेलं, न लिहिलेल्या कथेचं नाव.

भाषांतर करायचं असेल तर

वूलरिचच्या कथा मराठीत आणाव्यात असं अनेकांना वाटेल. आधी हक्क पाहा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून सुरू होते. मृत्यू १९६८ चा, म्हणजे त्यानं हयातीत छापलेल्या मुख्य लेखनासाठी २०२८ संपेपर्यंत परवानगी घ्यायची असं धरून चाला. मरणोत्तर छापलेल्या लेखनाचा हिशेब वेगळा. तिथे प्रकाशनाचं साल धरतात.

हे हलक्यात घेऊ नका. वूलरिचच्या एका कथेनं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली आहे. १९४५ मध्ये त्यानं सहा कथांचे चित्रपटहक्क मिळून ९,२५० डॉलरला विकले, त्यांत 'इट हॅड टू बी मर्डर' होती. हक्कांची पहिली मुदत संपली की ती वाढवून पुन्हा हक्क देईन, असंही त्यानं कबूल केलं. पण मुदत वाढवण्याआधीच तो वारला. त्याच्या इस्टेटीच्या बँकेनं १९६९ च्या डिसेंबरात मुदत वाढवली आणि वाढीव हक्क शेल्डन अबेंड यांना ६५० डॉलर अधिक उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर दिले. पुढे 'रिअर विंडो' पुन्हा दाखवला गेला तेव्हा अबेंड कोर्टात गेले, आणि २४ एप्रिल १९९० रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. लेखक मुदतवाढीआधी वारला तर त्याचं जुनं वचन वारसांना बांधत नाही, हा त्याचा मथितार्थ. म्हणून परवानगी मागताना 'आमच्याकडे हक्क आहेत' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. तो हक्क कुणाकडून, कधी आणि कुठल्या मुदतीसाठी आला ते लेखी घ्या.

भाषांतरात घसरण बहुतेक वेळा वेळेच्या ओळींपाशी होते. मराठीत वाक्यं लांबतात, 'इतक्यात', 'तेवढ्यात', 'अचानक' यांची भर पडते आणि घड्याळ मंदावतं. त्या समासातल्या खुणा इथे पुन्हा उपयोगी पडतात: मूळ कथेत दोन खुणांमध्ये पाच ओळी असतील तर मराठीत आठ होऊ देऊ नका. 'अचानक' तर पूर्णच गाळता येतो.

सर्वांत शेवटी

'इन्टू द नाइट' ही अपुरी राहिलेली कादंबरी रहस्यकथाकार लॉरेन्स ब्लॉकनं पुरी केली आणि ती १९८७ मध्ये आली. बाकी सगळं वाचून झाल्यावरच ती घ्या. म्हणजे वूलरिचचा हात कुठे आहे आणि ब्लॉकचा कुठे, हे आपलं आपल्याला ओळखता येतं.

आणि एक कथा मुद्दाम राखून ठेवा: १९५८ मध्ये छापलेली 'द पेनी-अ-वर्डर'. एका पल्प लेखकाला हॉटेलच्या खोलीत बसून एका रात्रीत कथा लिहायची आहे. मासिकाचं मुखपृष्ठ आधीच तयार झालंय, त्या चित्राला जुळेल अशी कथा सकाळपर्यंत हवी. इथे ना खून होतो, ना कुणाचा पाठलाग. टाइपरायटर आहे, कागदांचा गठ्ठा आहे आणि पहाट जवळ येते आहे.